उतरता खांदा

३ तारीख, सोमवार

वहिनी म्हणते, "वन्सं, तुमच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालतो तो चालतोच. निदान निम्मं कागदावर उतरवा, माझ्या कानांना सुट्टी मिळेल." म्हणून ही वही. लिहायला लागले म्हणून बोलणं कमी होईल असं नाही, पण तिची हौस फिटू दे.

आज शिवणयंत्रावर खोळ घातली. रडले नाही. तयार कपड्यांच्या दुकानांनी माझं गिऱ्हाईक केव्हाच पळवलंय. उरलं होतं ते चेन बदलून देणं आणि पँटी आखूड करणं. जन्मभर लोकांचे खांदे मोजले, आता समुद्र मोजू म्हटलं.

धाकट्याला जाऊन वर्ष झालं. 'जाऊन' लिहिलं खरं, पण कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. धाकटा म्हणजे माझा भाऊ, वहिनीचा नवरा. सकाळी होडी घेऊन कुपे, म्हणजे टुना मासे, पकडायला गेला आणि दुपारी होडी एकटीच सापडली. समुद्र शांत, इंजिन बंद, गळाची काठी खोबणीत जागच्या जागी आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोर, पाण्यात सोडलेला. तो तेवढा नव्हता.

होडी विकून टाक असं सगळ्यांनी वहिनीला सांगितलं. तिने तिला रंग दिला, इंजिन उघडून साफ केलं आणि परवा मला म्हणाली, "मी होडी चालवते, तुम्ही मासे पकडा." मोठ्या हॉटेलच्या आचाऱ्याला छोटे कुपे हवे असतात, पण जाळ्यातले नकोत. जाळ्यात ते एकमेकांवर आपटून ठेचकाळतात. एकेक करून गळाने धरलेले हवेत.

"अगं, मला माशातलं काय कळतं?" मी म्हटलं.

"सुईदोरा कळतो ना? तेवढंच आहे ते. सुई वाकडी असते, इतकंच."

बाई कमी बोलते, पण बोलते तेव्हा असं.

५ तारीख, बुधवार

अर्धा दिवस गळवाल्याच्या दुकानात गेला. बोळातली एक अंधारी खोली, छताला काठ्या टांगलेल्या, आणि आत शिरताना पहिली काठी कपाळाला लागते. मालक चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी. बोलायला माझ्या तोडीस तोड. वहिनी दारातच स्टूल घेऊन बसली आणि डोळे मिटून घेतले.

धाकट्याच्या काठ्या नेल्या होत्या. मालकाने एकेक हलवून बाजूला ठेवली. "ताई, ह्या मोठ्या माशाच्या. ह्याने तुम्ही छोटा कुपा धरणार नाही, आभाळात भिरकावून द्याल." मग माझ्यापेक्षा हातभर उंच अशी काठी काढून दिली. शेंडा नरम हवा, म्हणजे हलकं आमिष लांब फेकता येतं. बूड कणखर हवं, कारण कुपा एकदा लागला की डोकं खाली घालून पळतो आणि त्याला उचलावं लागतं. मी कापड पारखावं तशी पारखली. वाकवायची, सोडायची आणि बघायचं. एक काठी सोडल्यावर कितीतरी वेळ थरथरत राहिली, ती नाकारली. दुसरी एका झटक्यात सरळ झाली, ती घेतली. वहिनीसाठी तशीच एक. फिरकी लहान पण वेगाने गुंडाळणारी हवी, असं तो म्हणाला. दोर बारीक विणीचा, आणि शेवटचा वावभर पारदर्शक, कारण कुप्याची नजर भारी तीक्ष्ण असते.

गाठ मारायला त्याने शिकवली. मी गाठ ओढण्याआधी तोंडात धरून ओली केली तर म्हणतो, "हे कुणी शिकवलं?" म्हटलं, दोरा ओला केल्याशिवाय मी लहानपणी भातुकलीच्या बाहुलीलाही टाका घातला नाही.

आमिषं मात्र मी माझ्या मनाने घेतली. हाताच्या पंज्याएवढे चकचकीत पत्र्याचे मासे. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, मोठा घास दिसला तर मोठी भूक लागेल.

६ तारीख, गुरुवार

चुकलं. मान्य करते, इथे कुणी बघत नाही.

उजाडता उजाडता निघालो. धक्का मागे पडला, मग लाल बोया मागे पडला. वहिनी सुकाणूवर उभी राहिली की वेगळीच दिसते, शाळेतल्या बाईंसारखी. तिने थवा लांबून दाखवला. पाण्याचा एक तुकडा खळबळत होता. खालून कुपे चढतात, वरची बारीक माशांची पिल्लं सैरावैरा उडतात, त्याची ही खळबळ. "थव्यात टाकायचं नाही," ती म्हणाली, "थव्याच्या पुढे टाकायचं. आणि होडी त्यांच्या अंगावर घालायची नाही, नाहीतर बुडी मारतात."

टाकलं. कुपे आले, खरंच आले. निळसर पाठी माझ्या पत्र्याच्या माशामागे रांगेने येताना दिसल्या. होडीपर्यंत आले आणि वळले. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. दिवसभर पाहुण्यांसारखे दारापर्यंत येऊन परत गेले.

वहिनी मात्र माशांकडे बघत नव्हती. वर बघत होती. "पक्षी नाहीत," ती म्हणाली. म्हणे कुप्यांच्या थव्यावर पक्षी असतातच, पिल्लांवर झडप घालायला. आणि आवाजही असतो, कढईत पाणी पडल्यासारखा. हा थवा मुक्याने खळबळत होता.

आणि थव्यापलीकडे एक होडी होती. आमच्याएवढीच. पाठमोरा एक माणूस उभा होता. मी हाक मारली, त्याने लक्ष दिलं नाही. आम्ही थोडं पुढे गेलो तर ती तेवढीच पुढे. इंजिनचा आवाज नाही.

"कोण गं हा?"

वहिनीने सुकाणू घट्ट धरलं. तिचा चेहरा बघून मला कळलं ती काय विचार करत होती. पाठीमागून, त्या उंचीचा, पाय फाकून उभा. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, चांगलं खणखणीत, म्हणजे वेड्या आशेला जागा नको. "हा कुणी सोम्यागोम्या आहे. आपल्या धाकट्याचा डावा खांदा उतरता, तुला माहितीये. ह्याचे दोन्ही फळीसारखे सरळ. आणि असला पांढराफेक शर्ट त्याने जन्मात घातला नाही. मी शिवले ते सगळे निळ्या चौकड्याचे. हा अंगात दोन माणसं मावतील एवढा ढगळ."

लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून त्याचा तो खांदा उतरता. मी त्याचे शर्ट बेततानाच डावी बाजू बोटभर खाली घेत असे, म्हणजे घातल्यावर सरळ दिसे. दुसऱ्या कुणाला हे माहीत असायचं कारण नाही.

८ तारीख, शनिवार

पुन्हा गळवाला. "आले मागे आणि वळले?" असं म्हणून असा हसला, जणू त्याचीच मुलं परीक्षेत पास झाली. मग व्याख्यान झालं. लिहून ठेवते, उपयोगी आहे.

म्हणाला, "ताई, माशाला नवीन काही खायला शिकवायचं नाही. ज्याची त्याला आधीच भूक आहे, तेच दाखवायचं. सध्या पिल्लं बोटाएवढी आहेत, तर आमिषही बोटाएवढंच. मागे येतो पण धरत नाही, म्हणजे काहीतरी चुकतंय. आधी आकार बदला, मग रंग, मग वेग. आणि आमिष थांबवायचं नाही कधी. थांबलं की तो निरखून बघतो, आणि निरखलं की त्याला कळतं. पळणाऱ्याच्या मागे लागला की बघत बसत नाही."

"आणि एखादा फारच चिकित्सक असला तर?"

"असतो ना. पुढचा असतो एखादा तसा, नाक लावून बघणारा. तो धरत नाही. पण तो मागे लागलाय म्हणून त्याच्यामागून जो येतो, तो डोळे मिटून धरतो. आपल्याला काय, कुणीतरी लागल्याशी मतलब."

बोटाएवढे जस्ताचे मासे घेतले, काही चंदेरी, काही निळसर पाठीचे. आमिषाला एकच आकडा, तीन नकोत, सोडवताना मासा फाटतो. मी घरी येऊन आकड्याच्या मुळाशी पांढऱ्या रेशमाचे दोन-चार फेरे घेतले, शेपटीसारखे. वहिनी म्हणाली, "आता त्याला काजही कराल."

१० तारीख, सोमवार

लागले! धडाधड लागले! पहिला लागला तेव्हा काठी हातातून जाते की काय असं वाटलं. खाली, खाली, नुसता खाली ओढत होता. हात अजून भरून आलाय, अक्षर बघा. वहिनीने खेचून आत घेतला, कल्ल्याखाली सुरी फिरवून रक्त वाहू दिलं आणि बर्फात. मी हसत सुटले होते. वर्षभरात पहिल्यांदा वहिनीही हसली. तिचे दात किती छान आहेत ते मी विसरले होते.

आचाऱ्याने मासे उलटेपालटे करून पाहिले आणि रोज आणा म्हणाला.

आता दुसरं. ते लिहू की नको असं होतंय.

तो होडीवाला पुन्हा होता, थव्यापलीकडे, पाठमोरा. शर्ट आज पांढराच, पण ढगळ नव्हता. अंगाबरोबर. आणि डावा खांदा उतरता.

मी वहिनीकडे बघितलं, तिने आधीच इंजिनचा वेग वाढवला होता. तोही पुढे सरकला. त्याच्या होडीमागे पाणी फाकत नव्हतं, आपल्या होडीमागे फाकतं तसं. खूप लांबवर गेलो, किनारा दिसेनासा झाला, तेव्हा मीच तिला वळवायला लावलं. मी बडबडत होते, मला गप्प बसवेना. "खांदा तोच गं! पण हा पांढरा शर्ट कुणी दिला त्याला? निळा चौकडा कुठे गेला?" असं म्हणत होते आणि रडत होते.

तो जिवंत आहे. डोक्याला मार बसून आठवण गेली असेल. असं होतं, ऐकलंय मी. कुणी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांनी त्याला काढलं असेल, कपडे दिले असतील. आपल्याला तो ओळखत नाही म्हणून पळतो.

१३ तारीख, गुरुवार

निळा चौकडा.

लिहून बघितलं की खरं वाटेल असं वाटलं होतं. त्याच्या अंगात आज तेवढाच निळा, तेवढाच चौकडा. पुष्कळ वेळ टक लावून पाहिलं. आज तो नेहमीपेक्षा जवळ होता. वहिनीने काठी हातात घेतलीच नाही, नुसती बघत राहिली.

एक मात्र विचित्र. चौकड्याचं कापड शिवायचं म्हणजे शिवणीवर रेघेला रेघ जुळवावी लागते. त्यातच शिंप्याची परीक्षा. खांद्यावरची पट्टी आणि पाठ जिथे जोडतात तिथे कितीही जुळवलं तरी जोड दिसतोच, जाणणाऱ्याला. ह्याच्या पाठीवर जोडच नव्हता. मानेपासून कमरेपर्यंत रेघा सलग. मी वहिनीला म्हटलं, "ह्याला शिवण नाही गं! बिनशिवणीचा शर्ट कसा घालणार माणूस? खांदपट्टी कुठाय? पाठीवरची चुणी कुठाय?" ती म्हणाली, "हळू बोला." मी म्हटलं, इथे कोण ऐकतंय!

मासे भरपूर मिळाले. पोट फाडून बघायची सवय लावून घेतलीये, काय खातात त्यावरून आमिषाचं माप ठरतं. सगळ्यांची पोटं रिकामी. एका कुप्याच्या पोटात फक्त एक तुकडा निघाला, नखाएवढा. निळा चौकडा.

कापड नाही ते. भिंग लावून बघितलं. कापडाला उभा धागा असतो, आडवा धागा असतो, मग कुठलंही असो. ह्याला धागाच नाही. चौकडा आहे, पण आतून उमटल्यासारखा, कातडीवर ठिपके असतात तसा. प्लास्टिकच्या रेनकोटचा असेल. मी तो सुयांच्या डबीत ठेवला. वहिनीला दाखवला नाही. बिचारी आधीच अर्धी झाली आहे, तिला कशाला अजून घोर.

१४ तारीख, शुक्रवार

वारा आहे, होड्या बांधून ठेवल्यात. वहिनीने कपाटातून त्याचे शर्ट काढले आणि एकेकाला इस्त्री केली. मग चहाचा कप पुढ्यात ठेवून माझ्यासमोर बसली. ती समोर बसली की काहीतरी असतं.

"वन्सं, तिथे मोठ्याने बोलत जाऊ नका."

"का? मासे पळतात?"

"तुम्ही म्हणालात खांदा सरळ आहे, तो उतरता झाला. तुम्ही म्हणालात ढगळ आहे, तो मापात आला. निळा म्हणालात, निळा झाला."

"म्हणजे? तो आपलं ऐकतो?"

"कोण ऐकतं ते मला माहीत नाही."

मी हसले. काय करणार, हसू आलं. म्हटलं, अगं, आठवण हळूहळू परत येत असेल त्याची. हाक ऐकून काहीतरी आठवत असेल, घरचे कपडे आठवत असतील. आपण बोलतो म्हणूनच तर तो जवळ येतोय. तिने कपातला चहा ढवळला. मग म्हणाली, "तसं असेल तर फार बरं होईल."

मी तसंच म्हणावं असं तिला हवं होतं, असं मला वाटलं.

१७ तारीख, सोमवार

शिवण आहे! खांदपट्टी आहे, पाठीवर चुणी आहे, आणि रेघेला रेघ अशी जुळवलेली की माझीच छाती फुगली. माझाच हात, शंकाच नाही. डाव्या बाजूला बोटभर उतार. मी वहिनीला हलवून हलवून सांगितलं, "हा आपला धाकटाच! आता माझी काही तक्रार नाही. एवढं बरोबर दुसरं कुणी शिवूच शकत नाही."

खरं सांगायचं तर आत कुठेतरी टोचत होतं. तो शर्ट मी कधी शिवला ते आठवेना. माझा शर्ट वापरून वापरून कॉलरला झिजतो, कोपराला पातळ होतो. हा अगदी कोरा दिसत होता. पण मी ते बोलले नाही. चांगल्या कामात खोट काढत बसायची माझी वाईट खोड आहे, असं धाकटाच म्हणायचा.

वहिनीने इंजिन बंद केलं. वर्षभर जी बाई नवऱ्याचं नुसतं नाव निघालं तरी उठून आत जायची, ती होडीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो."

एवढंच. मग थोड्या वेळाने, "वळा ना एकदा. चेहरा बघू द्या."

तो वळला नाही. पण पुढेही सरकला नाही. पहिल्यांदाच तो जागच्या जागी थांबला होता.

परतताना वहिनी एकटीच गुणगुणत होती. उद्या लवकर निघू म्हणाली.

१८ तारीख, मंगळवार

हात चालत नाही. तरी लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालं नाही.

माझ्या गळाला मोठा कुपा लागला होता. मी होडीत खाली वाकून त्याचं रक्त काढत होते, दोन्ही हात गुंतलेले, तोंड बर्फाच्या पेटीत. वर वहिनी म्हणाली, "अहो." कालच्यासारखं नाही. दार वाजावं, उघडावं आणि ज्याची वाट बघतोय तोच दारात उभा असावा, तेव्हा म्हणतो तसं. मग म्हणाली, "किती वाळलात."

मी मान वर केली. होडीत मी एकटी होते.

पाणी उडालं नाही. आवाज झाला नाही. पायरी उतरावी तशी गेली असेल. पलीकडे ती होडी नव्हती, थवाही नव्हता. पाणी सपाट झालं होतं. मी तिच्या नावाने किती ओरडले ते मला माहीत नाही. मला होडी चालवता येत नाही. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या होडीवाल्यांनी मला होडीसकट ओढून आणलं.

तिने चेहरा पाहिला. मी पाहिला नाही.

२७ तारीख, गुरुवार

शोधाशोध झाली. पोलिसांनी तेच तेच विचारलं. बाई दुःखात होती का? नवऱ्यामागे वर्षभर झुरत होती का? मी हो म्हटलं. खोटं नाही ते. पण त्यांना जे हवं होतं ते त्यांनी लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

घरात तिच्या बाजूची खुर्ची अजून तशीच ओढलेली आहे. गिळायला होत नाही. माझा मूळचा रुंद बांधा, आता कपडे अंगावर लोंबतात, कमरेत दोन ठिकाणी आत घ्यायला झालेत, पण यंत्रावरची खोळ काढवत नाही.

आज गळवाल्याकडे काठ्या परत द्यायला गेले. काउंटरवर नव्या आमिषांची पेटी उघडी होती. मी एक उचललं. डोळा काढलेला, खवले कोरलेले, कल्ल्यांशी लाल ठिपका. इतकं हुबेहूब, आणि हातात घेतलं की नुसतं जस्त. मी सोबत नेलेल्या सुयांच्या डबीतून तो निळा तुकडा काढून त्याच्या शेजारी ठेवला. तो वाकून बघत म्हणाला, "हे कुणी केलंय? फार बारीक काम आहे."

मी तिथेच खाली बसले.

एवढा शर्ट तयार करायला कुणीतरी माप द्यावं लागतं. मी दिलं. खांदा सांगितला, रंग सांगितला, शिवण सांगितली. पारख मला होती, म्हणून मी फसले नाही. तिला फक्त त्याची भूक होती. तिने शिवण बघितलीच नसेल. तिच्यासाठी सगळं नीट होईपर्यंत मी एकेक खोट काढत बसले होते, आणि शेवटी म्हणाले, आता माझी काही तक्रार नाही.

गळवाल्याने पाणी दिलं. काठ्या परत घेतल्या नाहीत. म्हणाला, "राहू द्या ताई, कधी लागतील."

२९ तारीख, शनिवार

शेजारच्या होडीवाल्याला घेऊन गेले. त्याला म्हटलं, वहिनीसाठी फुलं सोडायची आहेत. तो भला माणूस, इंजिन बंद करून पाठ फिरवून बसला, बाईला रडायला मोकळीक हवी म्हणून.

मनाशी ठरवून गेले होते की तोंडातून अक्षर काढायचं नाही. मला बघायचं होतं आणि परत यायचं होतं. म्हणजे मी फसले नाही, एवढं तरी पक्कं होईल.

ती होडी होती. जवळ होती, हाकेच्या अंतरावर. दोघं एका फळीवर बसले होते, पाठमोरे. तो निळ्या चौकड्यात. आता कॉलर झिजलेली होती. त्याच्या शेजारी ती, मान जराशी कलती, केस मागे बांधलेले, वाऱ्याने मानेवर सुटलेले. एकही चूक नव्हती. मी शोधली. देवाशपथ सांगते, जीव तोडून शोधली. माझे डोळे आयुष्यात कधी मला असे नकोसे झाले नव्हते.

मग दिसली. दोघांच्या मध्ये जागा सोडली होती. ते असे कधी बसायचे नाहीत, खेटून बसायचे, मी चिडवायचे त्यावरून. बराच वेळ मला कळेना की ही चूक कशी राहिली. टक लावून पाहिलं. नजरेने माप घ्यायची सवय जात नाही. ती जागा एका माणसाची होती. रुंद बांध्याच्या बाईची. ऐसपैस, दोन्ही कोपरांना मोकळीक राहील अशी.

मी तोंडावर हात ठेवला. होडीवाला म्हणाला, "रडा ताई, रडून घ्या."

मला ठाऊक होतं ते काय आहे. आता मला सगळं ठाऊक होतं. त्यांच्यातलं एकही माझं नव्हतं आणि दोघंही माझी वाट बघत बसली होती. घरी जाऊन त्या खुर्चीसमोर बसायचं मनात आलं, आणि हात आपोआप खाली आला.

"एवढी जागा नको," मी म्हणाले. "मी आता बारीक झालेय."

होडीवाल्याला ऐकू गेलं नाही बहुतेक. आम्ही परत आलो. उद्या वारा पडेल, असं धक्क्यावर सगळे म्हणत होते. मी त्याला सकाळी पुन्हा यायला सांगितलंय.